कौतिकबाईंच्या दाराची कडी

अन्वय आणि सई,

मागच्या आठवड्यात तुमच्या आईने मला फोनवर एक व्हिडिओ पाठवला. इथल्याच कोणीतरी बनवलेला आहे. पाटावर एक म्हातारी डोळे मिटून बसली आहे, मागे बासरी वाजते, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात. पाकळ्या खऱ्या नाहीत. नीट पाहिलंत तर त्या तिच्या पदरातून आरपार जाताना दिसतील. खाली हिंदीत लिहिलं आहे की या मातेने डोळे मिटून आपला हरवलेला पती कुठे आहे ते पाहिलं. आणि सई, तू विचारलंस, "आजी, ही तुझ्या शेजारची ना? तिला खरंच दिसायचं?"

हो, शेजारचीच. त्या कौतिकबाई. दिवाळीनंतर त्या जळगावला मुलीकडे वारल्या. माणूस गेलं की त्याची गोष्ट ज्याच्या हाती लागेल त्याची होते, आणि ही गोष्ट पाकळ्यांच्या हाती लागली आहे. त्या दिवशी काय घडलं हे पूर्ण माहीत असलेली मी आता एकटीच आहे. त्यात माझा जो भाग होता तो व्हिडिओत नाही. म्हणून लिहिते.

आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं, तुम्हाला सोपं जावं म्हणून. दोन पानं झाल्यावर वाचून पाहिलं, तर त्यात कौतिकबाई माझ्यासारख्या बोलत होत्या. ती पानं फाडली. अडेल तिथे आईला विचारा.

माझा स्वभाव संशयी आहे हे तुम्हाला माहीत आहे. मी तीस वर्षं शाळेत होते, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापक. परीक्षेच्या वर्गात शिरले की चुळबुळ करणाऱ्या मुलांकडे मी बघतही नसे. मान खाली घालून जो फार शांत बसलेला असेल, त्याच्याकडे आधी जाई. दहापैकी सात वेळा त्याच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडे. शांत माणसाविषयीचा माझा अनुभव असा होता, आणि निवृत्तीनंतर या घरात राहायला आले तर शेजारी कौतिकबाई.

आपली गल्ली तुम्ही पाहिली आहे. समोर पॉवरलूमचा शेड आहे. अन्वय, पहिल्या दिवशी त्याचा खडखडाट ऐकून तू विचारलं होतंस की ही ट्रेन कधी जाणार. ती ट्रेन दिवसभर जातच नाही. आमच्या दोन घरांना मिळून एकच ओटा, दारं शेजारीशेजारी. कौतिकबाईंचे यजमान, त्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणायची, त्याच शेडमध्ये लूम दुरुस्त करणारे मिस्त्री होते. कौतिकबाई घरी कांड्या भरायच्या. कापडाच्या आडव्या धाग्यासाठी लाकडी कांडीवर सूत गुंडाळून द्यावं लागतं. त्यासाठी त्यांच्याकडे जुन्या सायकलच्या चाकाचा एक रहाट होता. दिवसभर तो गरगरे. संध्याकाळचे सहा वाजले की बंद. कांडी अर्धी भरली असो, पाव भरली असो, धागा तसाच सोडून त्या उठायच्या, हातपाय धुवायच्या, देवळीत दिवा लावायच्या आणि आतल्या भिंतीला पाठ टेकून पाटावर बसायच्या. सातपर्यंत. पुढचं दार सताड उघडं.

मला ती अर्धी कांडी बघवायची नाही. एकदा म्हटलं, "कौतिकबाई, एवढी तर पूर्ण करा. दोन मिनिटांचं काम."

"म्याडम," त्या म्हणाल्या, "पूर्ण करत बसले तं सहाचे सात होतात. आन मंग सातचं दुसरं काम निघतं. कांडी कुठं पळून जाते?"

मी हे उत्तर लिहून ठेवलं. पटलं म्हणून नव्हे. पुढे कधी उलटं बोलल्या तर दाखवता यावं म्हणून.

त्यांच्या हातात माळ नसे. ओठ हलत नसत. समोर पोथी नाही, मूर्तीकडे तोंड नाही. मूर्ती उजव्या हाताला कोनाड्यात आणि यांचं तोंड दाराकडे. दोन्ही तळवे मांडीवर उताणे. समोर चाळीस लूम खडखडत असताना एखादी बाई तासभर पापणीही न हलवता कशी बसू शकते? माझा पहिला तर्क असा, की त्या बहिऱ्या आहेत. दुसरा, की झोपतात.

दोन्ही तर्क मी तपासले. एका संध्याकाळी ओट्यावर, त्यांच्या दारापासून दोन हातांवर, मी पिठाचा रिकामा पत्र्याचा डबा मुद्दाम पाडला. समोरच्या शेडमधून दोघं जण बाहेर डोकावले. कौतिकबाई हलल्या नाहीत. बहिऱ्याच, असं मी ठरवलं. सात वाजून पाच मिनिटांनी त्या माझ्या दारात उभ्या.

"म्याडम, मघा तुमचा डबा पडला ना? चेमटला असंल. आप्पाले द्या, ठोकून देईल बराबर."

झोपेचाही तर्क टिकला नाही. एकदा त्यांच्या टोपलीतली केळी एक वानर घेऊन गेलं. त्या बसल्या होत्या, ते समोर येऊन निवडून निवडून घेत होतं, मी माझ्या दारातून ओरडत होते. नंतर त्या मला म्हणाल्या, "दोन कच्ची होती ती ठिवून गेला. शहाना आहे बिचारा." म्हणजे डोळे पूर्ण मिटलेले नसत. हे मी वहीत टिपलं.

तुम्हाला वाटेल, गल्लीत लाइट गेली आणि लूम थांबले तर त्यांना बरं वाटत असेल. इथे उलटं असतं. खडखडाट थांबला की पाळण्यातली मुलं दचकून उठतात, म्हातारे "काय झालं?" म्हणून बाहेर येतात. त्या शांततेतही कौतिकबाई तशाच. मी एकदा विचारलं, "एवढ्या आवाजात तुमचं मन लागतं तरी कसं?"

"आवाज बंद होईपर्यंत थांबले तं मरेपर्यंत बसनं होनार नाही," त्या म्हणाल्या. "आन मनाचं काय, तेबी लूमच आहे. चालू राहू द्या. आपन त्याच्यात हात नाही घालायचा."

मग आप्पांच्या पुतणीने कौतिकबाईंचा तो व्हिडिओ काढला. मूळचा, पाकळ्यांशिवायचा. तो मोबाइलवर फिरला आणि बायका येऊ लागल्या, नारळ घेऊन, उदबत्ती घेऊन. मी माझ्या खिडकीत खुर्ची ओढून बसले. आता ताट मांडलं जाईल, मग फोटो लागेल, मग गादी येईल. असे प्रकार मी पुष्कळ पाहिले होते. कौतिकबाई आलेल्या बायकांना म्हणाल्या, "बसायचं आहे? बसा मंग. मधी बोलायचं नाही." बायका बसल्या. अर्ध्या तासाने एकीने न राहवून विचारलं, "माताजी, तुमले ध्यानात काय दिसतं?"

"भिंत," कौतिकबाई म्हणाल्या. "आन आज तुमी दाराच्या मधी बसल्या तं तुमी."

आठ-दहा दिवसांत गर्दी सरली. काही घडतच नाही तर माणसं किती वेळ बसणार? नारळांचं काय झालं ते विचाराल, म्हणून सांगते: गल्लीत घरोघर चटणीच्या वाट्या आल्या. माझ्याकडे दोन. तरीही मी संशय सोडला नाही. फक्त त्याची जागा बदलली. बाई ढोंगी नसेल, तर आळशी असेल. देवाच्या नावावर रोज एक तास कामातून सुटका करून घेत असेल. आणि थोड्याच दिवसांत मला याहून गंभीर कारण मिळालं.

आप्पांचं विसरणं वाढत गेलं होतं. काम सुटलं. दुपारी चहा झाला की ते टोपी घालून निघत. पूर्वी कामाला जात तसेच. शेडपाशी उभे राहत, मग तापीच्या घाटावर, मग कुठेही. कौतिकबाई त्यांना अडवत नसत. त्यांच्या मागे जात नसत. सहाला पाटावर बसत आणि दार उघडं.

मला हे सहन होईना. मी स्पष्ट बोलले. "हा निष्काळजीपणा आहे, कौतिकबाई. माणूस हरवेल एक दिवस, आणि तुम्ही देव देव करत बसा."

त्या रागावल्या नाहीत. "सुरुवातीले गेले ना म्याडम मी मागं. मी जोरात चालले का तो पळे. लोकायले सांगे, ही कोन बाई माह्या मागं लागली पाहा. एक दिवस मोठ्या रोडवर टरकाच्या समोर गेला माह्यापासून पळता पळता. तवापासून मी मागं जानं सोडलं. चाळीस वर्षं तो दिवे लागले का घरी आला. डोकं विसरलं, पाय नाही विसरले. दार उघडं पाहिजे, दिवा पाहिजे, आन मी जागेवर पाहिजे. बस."

"आणि नाही आले तर?"

तेव्हा त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. हात रहाटावरच होते. त्या पाच-सहा वर्षांच्या असताना वडील त्यांना आणि चुलत बहिणीला इच्छापुरला देवीच्या जत्रेला घेऊन गेले होते. माहेर त्यांचं निंबोल्याचं, शेतकऱ्याचं घर. गडाच्या पायऱ्या चढण्याआधी वडिलांनी बजावलं होतं: हात सुटला तर पळायचं नाही, जिथे सुटला तिथेच बसायचं, मी येतो. आणि गर्दीत दोघींचेही हात सुटले.

"बहीन पळाली," कौतिकबाई म्हणाल्या. "ती संध्याकाळी सापडली, पार खाली, बैलगाड्यांमधी. मी पायरीवर बसले."

"रडला नाहीत?"

"रडले ना! पन बसून रडले." रहाट थांबवून त्यांनी तुटलेला धागा जोडला. "बाप आला. म्याडम, दोघं जन हिंडले तं भेट कशी होनार? एकानं बसायचं राहतं. ज्याले शोधता येतं त्यानं शोधायचं. मले तं देव शोधता येत नाही. मी शिकेल नाही, मले मंत्र येत नाही. मंग मी बसते. त्याचा हात कुठं सुटला तेबी आठवत नाही मले. पन बसेल असले तं त्याले सापडंल."

मी म्हणाले, गोष्ट छान आहे, पण आप्पांसाठी गळ्यात अडकवायचं कार्ड करू. मी केलंही. त्यांचं नाव, पत्ता, माझा फोन नंबर, वर प्लास्टिकचं आवरण. चौथ्या दिवशी ते कार्ड मला चहावाल्याकडे सापडलं. त्याचं बाकडं डुगडुगत होतं. आप्पांनी कार्डाची घडी करून पायाखाली पाचर मारली होती. बाकडं अजून हलत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला सांगितली होती, तीही इथेच सांगून ठेवते. लग्नाच्या पहिल्या वर्षी कौतिकबाई एकदा रुसल्या. सासू गावाला गेलेली, आप्पा कामावर. यांनी घराला बाहेरून कडी घातली आणि निंबोल्याला माहेरी निघून गेल्या. "हा कामावरून आला, कडी पाहिली, आन तसाच चालत निघाला निंबोल्याले. चहाबी नाही पिला." कित्येक मैलांचं हे अंतर माणूस शेडमधलं दिवसभराचं काम करून चालत जाईल, यावर माझा विश्वास बसला नाही. मी मनातल्या मनात निम्मा रस्ता वजा केला.

आता तो दिवस.

रविवार होता. होळी तोंडावर आली होती, थंडी सरली होती. मागच्या गल्लीत एका घरातून पितळी भांडी चोरीला गेली होती. आणि आदल्या दोन्ही दिवशी, सहा ते सातच्या मध्येच, एक अनोळखी माणूस कौतिकबाईंच्या उघड्या दारात डोकावून जाताना मी पाहिला होता. तरुण, निळा शर्ट, आत बघायचा, थांबायचा आणि चालू लागायचा. आत बाई डोळे मिटून बसलेली, दार सताड उघडं. चोराला याहून काय हवं?

सहा वाजून दहा मिनिटांनी मी ओट्यावर आले. कौतिकबाई पाटावर होत्या. मी दाराच्या दोन्ही फळ्या आवाज न करता ओढल्या आणि बाहेरून कडी घातली. सातच्या आत त्या उठत नसत, म्हणून पावणेसातला उघडायची, असा माझा बेत होता. सांगितलं असतं तर त्यांनी लावू दिली नसती.

मग तुमचा फोन आला. तुमची रविवारची सकाळ होती. सई, तुझा पुढचा दात पडला होता आणि तू तो कॅमेऱ्याच्या इतका जवळ धरलास की मला फक्त पांढरं दिसत होतं. अन्वय मागे टोस्ट खात होता. दोष तुमचा काडीचाही नाही. हे मी मुद्दाम लिहिते. कडी मी घातली होती आणि घड्याळ माझ्या समोरच्या भिंतीवर होतं.

तुमच्याशी बोलताना मला शेजारचं दार वाजलेलं ऐकू आलं. तीन ठोके. बोटाच्या पेरांनी मारलेले, सावकाश. मग थोडं थांबून आणखी दोन. मी मनात म्हटलं, आला पाहा निळा शर्ट. कडी घातली ते किती बरं केलं. खोटं का सांगू, मला समाधान वाटलं. मी तुला दात पुन्हा दाखवायला सांगितला.

ते आप्पा होते.

सव्वासातला आतून कौतिकबाईंनी दार हलवलं तेव्हा मला कडीची आठवण झाली. धावत जाऊन उघडली. त्या उंबऱ्यात उभ्या. "दार कसं लागलं वं?"

"अडकलं असेल," मी म्हणाले. "वाऱ्याने."

मी आयुष्यभर मुलांना खोट्याबद्दल शिक्षा केल्या. माझं खोटं एवढं गबाळं निघेल असं मला वाटलं नव्हतं. वाऱ्याने दार लागतं, कडी लागत नाही. त्यांनी कडीकडे एकदा पाहिलं आणि गल्लीकडे पाहिलं. "आप्पा आले नाही," त्या म्हणाल्या.

मग शोधाशोध झाली. शेडमधली माणसं घाटावर गेली, स्टँडवर गेली, रिक्षावाल्यांना सांगितलं, चौकीत कळवलं. त्यात तो निळा शर्टही होता, आणि सगळ्यांत जास्त धावत होता. तो शेडमध्ये नव्याने लागलेला कारागीर निघाला. मालकाने त्याला काम लावून दिलं होतं: रोज सहानंतर आप्पा घरी पोचले का ते दारातून बघून ये.

हे ऐकल्यावर मला तिथेच सगळं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. सगळे घाटावर शोधत होते आणि मी हातात बॅटरी घेऊन त्यांच्याबरोबर फिरत होते, जसं काही मलाही तेवढंच माहीत आहे. कौतिकबाई पाटावर जाऊन बसल्या. पहिल्यांदाच सातनंतर. एकदोघी बायका कुजबुजल्या, नवरा हरवला तरी हिचं बसणं चालू. मी त्यांना गप्प केलं नाही. खरं तर थोडा वेळ मलाही तोच राग धरून ठेवायचा होता. त्यांच्यावर रागावले की माझ्या डोक्यातले ते पाच ठोके जरा कमी ऐकू येत.

पहाटे पाचला मी गेले. दार उघडं होतं, दिव्यात नवीन तेल घातलेलं होतं, रहाटावर आदल्या संध्याकाळची अर्धी कांडी. त्या तशाच बसलेल्या, फक्त गाल ओले. मी उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "कौतिकबाई, कडी मी लावली होती."

त्यांनी डोळे उघडले. "बाहेरून?"

"हो. चोराच्या भीतीने. आणि नंतर दार वाजलं होतं. मला वाटलं, चोरच आहे."

"वाजलं ते मलेबी ऐकू आलं, मले वाटलं तुमचं दार वाजलं."

मी वाट पाहत होते, पुढे त्या काय बोलतील. शाळेत पालक बोलत तसं, गल्ली गोळा करून बोलायचा त्यांना अधिकार होता. त्या एकदम उठल्या, इतक्या चटकन की पाट सरकला.

"चला म्याडम, चपला घाला. तो निंबोल्याले गेला."

"कशावरून?"

"बाहेरून कडी पाहिली ना त्यानं! बाहेरून कडी म्हंजे बायको रुसून माहेरी गेली. अजून काय राहील त्याच्या डोक्यात? चला, रिक्षा पाहा."

निंबोल्याचं त्यांचं माहेरघर कधीच विकलं गेलं होतं. तिथे आता केळीवाल्या एका शेतकऱ्याचं कुटुंब राहतं. आम्ही पोचलो तेव्हा उजाडलं होतं. आप्पा ओट्यावर गोणपाट पांघरून बसले होते, टोपी डोक्यावर, हातात पोह्याची बशी. त्या घरची सून सांगू लागली, "रात्री आले बाबा. नाव सांगेना, गाव सांगेना. म्हने बायकोले न्यायला आलो, बोलवा तिले. आम्ही म्हटलं आता झोपा, सकाळी बोलवू." ते तिथवर कसे गेले हे कोणालाच कळलं नाही. केळीच्या एखाद्या गाडीने घेतलं असेल. पण मी त्यांच्या चपलांचे तळ पाहिले, आणि पूर्वी वजा केलेला निम्मा रस्ता परत मिळवला.

आप्पांनी कौतिकबाईंकडे पाहिलं. गेले कित्येक महिने ते त्यांना रोज ओळखत नव्हते. त्या सकाळी ओळखलं, पण पन्नास वर्षांपूर्वीची.

"झालं का रुसनं?" ते म्हणाले. "चल आता."

"चला," कौतिकबाई म्हणाल्या. "पोहे तं खाऊन घ्या." आणि ओट्यावर त्यांच्या शेजारी बसल्या.

घरी आल्यावर सगळी गल्ली जमली. तुम्हाला कसं कळलं, तुम्हाला कसं कळलं? मी तयारी केली होती. ओट्यावर उभी राहून सांगणार होते. कौतिकबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. "देवानं सांगितलं," त्या म्हणाल्या आणि आप्पांचे पाय धुवायला आत गेल्या.

सई, तो व्हिडिओ या दोन शब्दांवर उभा आहे.

मी दोन दिवसांनी त्यांना पकडलंच. मला उपकार नको होते आणि अशी लबाडी तर त्याहून नको होती. "कौतिकबाई, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात."

"खोटं कुठं म्याडम?" रहाट चालूच होता. "मी रातभर बसेल होते. एकच म्हनत होते, तू सांग बाप्पा, मले कळत नाही, तू सांग. आन पहाटी तुमी आल्या सांगायले. मंग कोनी सांगितलं?"

"मी सांगितलं."

"हो ना. आन तुमाले कोनी उठवलं?"

मला माझ्या मनाने उठवलं, झोप लागली नव्हती, असं मी म्हणाले. त्या हसल्या आणि कांडी बदलली. या उत्तरात कुठेतरी चूक आहे अशी माझी अजूनही खात्री आहे. मी ती बरीच वर्षं शोधते आहे.

आप्पा त्यानंतर दीड वर्ष होते. रोज दिवे लागले की यायचे, हात धुवायचे, "चहा ठेव" म्हणायचे. ते गेल्यावरही कौतिकबाई सहाला दार उघडून बसत. मी म्हटलं, आता कोणासाठी? त्या म्हणाल्या, "मी आप्पासाठी कुठं बसत होते? आप्पा त्या दारानं येत होता, ते वेगळं."

मग मुलगी न्यायला आली. सामान थोडंच होतं. रहाट शेडमधल्या कोणालातरी दिला, भांडी वाटली. निघताना त्यांनी पाट कोणाला उचलू दिला नाही. रिक्षात मांडीवर घेऊन बसल्या. मी निरोप द्यायला वेशीपर्यंत चालत गेले, कारण रिक्षा माझ्याच वेगाने जात होती. वेशीच्या कमानीत केळीचा ट्रक अडकला होता. मागे बस, पुढे दोन वराती समोरासमोर, दोन्हीकडचे बँड, सगळ्यांचे हॉर्न. मुलगी रिक्षावाल्यावर ओरडत होती, रिक्षावाला ट्रकवाल्यावर. मी मनगटावर पाहिलं. सहा वाजून गेले होते. आत पाहिलं तर कौतिकबाईंचे दोन्ही तळवे पाटावर उताणे होते आणि डोळे जवळजवळ मिटलेले. जवळजवळ. मी हात हलवला तेव्हा त्यांनी एका हाताची बोटं किंचित उचलली आणि परत ठेवली. मग ट्रक निघाला.

तर सई, त्यांना दिसायचं का? नाही. त्यांना भिंत दिसायची, वानर दिसायचं, आणि माझ्या मते मीही पहिल्या दिवसापासून पूर्ण दिसत होते. आजी देवभोळी झाली असं समजू नका. मी अजून प्रत्येक बाबाबुवाचा व्हिडिओ आधी संशयाने बघते, आणि तुम्हीही तसंच करा.

त्यांच्या घरात आता भाडेकरू आहेत. पाट जळगावला आहे. माझ्या दाराची बाहेरची कडी मी सुताराकडून काढून घेतली. तिथे स्क्रूची चार भोकं आहेत, तुम्ही याल तेव्हा दाखवीन. आणि संध्याकाळी सहा ते सात माझं दार उघडं असतं. त्या वेळात मी फोन घेत नाही. सातनंतर करा.

तुमची,
आजी